बशीचा रंग

बशीची कड पुन्हा पांढरीशुभ्र झाली आणि साक्षीचा चेहरा पुन्हा निळसर पडला. प्रसेनजीतनं माउस सोडून दिला. हे तिसरं सॉफ्टवेअर. फोटोतली पांढरी वस्तू दाखवा, बाकीचे रंग आम्ही तिच्यावरून लावतो, असं तिन्हींचं म्हणणं. आणि या फोटोत पांढरं म्हणावं असं एकच होतं – दोन्ही हातांत धरून ओठांपाशी नेलेली ती चहाची बशी. तिच्या कडेवरून वर बघणारे, आत्ता काहीतरी टोमणा मारतील असे डोळे... बशी पांढरी केली की बहीण मेल्यासारखी दिसत होती. मेलेलीच आहे, त्यानं स्वतःला बजावलं. उद्या वर्ष होतंय.

उद्या पुण्यानुमोदन. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी तिचा फोटो मांडायचा, आणि घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचा स्टुडिओ थाटलेल्या माणसाकडं सख्ख्या बहिणीचा एक धड फोटो नव्हता. म्हणजे फोटो ढीगभर होते. सगळे स्थळांसाठी काढलेले, सगळे उजळलेले. आईनं, मीनाबाईंनी, एकेक हातात घेतला, लांब धरून बघितला आणि खाली ठेवला. "ही कोण पावणी रं? माझी साक्षी न्हवं ही."

उजळायचं असतंच. वडील निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचे, हा माउस फिरवतो. गिऱ्हाईक सांगत नाही, आपण विचारत नाही, स्थळाचा फोटो म्हटलं की दोन छटा वर. अख्ख्या कोल्हापुरात असाच धंदा चालतो. साक्षी शेजारच्या स्टुलावर बसून बघत असायची, पाय हलवत, आणि पडद्यावरची ती दुसरी मुलगी तयार झाली की म्हणायची, "दादा, हिला मागणी आली तर हिलाच धाडून दे. मी ऱ्हाते हितंच, आईजवळ." तो हसायचा. तीही हसायची, पण त्याच्याआधी थांबायची... हे तेव्हा कळलं नव्हतं, आता रोज कळतं.

मग ते कुरुंदवाडचे पाहुणे. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाच्या आईनं पर्समधून फोटो काढला, साक्षीकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, आणि भर बैठकीत अगदी सहज, चूक दुरुस्त करावी तसं विचारलं, "फोटोतली पोरगी कुठं हाय वो?"

तो पोह्यांच्या रिकाम्या ताटल्या गोळा करायला लागला. पाहुणे गेल्यावर साक्षी मागच्या पायरीवर जाऊन बसली, पातेल्यात उरलेला चहा तिनं बशीत ओतला आणि फुरके मारत पिऊ लागली. तिच्यासमोर रिकाम्या हातांनी उभं राहवेना म्हणून त्यानं नवा डिजिटल कॅमेरा उचलला आणि काहीतरी करायचं म्हणून बटण दाबलं. कॅमेरा नवा, हात नवखा. सेटिंग चुकून कच्च्या, रंग न बसवलेल्या 'रॉ' फाइलीवर गेलेलं. दुकानातल्या संगणकात ती फाइल उघडेचना. उघडेना म्हणून पडून राहिली, आणि पडून राहिली म्हणूनच तिच्यावर कुणाचा हात फिरला नाही. पुढं चार महिन्यांनी कावीळ झाली. साधी कावीळ म्हणाले होते, उतरेल म्हणाले होते.

आता वेगळी सॉफ्टवेअर घालून ती फाइल उघडत होती, तर तीन ठिकाणी तीन साक्षी. कॅमेऱ्याच्या खोक्यातून आलेल्या सीडीतलं सॉफ्टवेअर तिला न विचारता गुलाबी-गोरी करत होतं – कंपनीलाही माणूस उजळच आवडतो तर! नेट कॅफेतून उतरवून आणलेलं फुकटचं तिला पिवळी दाखवत होतं, आणि पिवळं त्याला बघवत नव्हतं. दवाखान्यातल्या खाटेवर तिच्या डोळ्यांतलं पांढरंसुद्धा हळदीसारखं झालं होतं. तिसरं महागडं, महिनाभर वापरून बघा म्हणणारं. ते स्वतःहून काहीच करत नव्हतं. फोटो मळकट, जसाच्या तसा पुढ्यात ठेवून ते जणू विचारत होतं, तुला काय हवंय? मला तिचा रंग हवाय. तो कुठला होता? जन्मभर एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, आणि मला, ज्याचं पोटच चेहऱ्यांवर चालतं त्याला, माझ्या बहिणीचा रंग आठवत नाही...

फोन वाजला. कलर लॅबवाला कृष्णात. "काय ठरलं का न्हाई अजून? आरं, कुठल्या बी सॉफ्टवेअरमधनं काढ की! हार घातल्यावर रंग कोण बघतंय? सहाच्या आत फाइल आण, न्हाईतर उद्या फ्रेम मिळायची न्हाई."

"आणतो," तो म्हणाला.

मीनाबाई निवलेला चहा बदलायला आत आल्या आणि पडद्यापाशी थबकल्या. लेकीकडं त्यांनी बघितलंच नाही, बशीकडं बघितलं.

"बशी एवढी पांढरी कशानं झाली?"

"पांढरीच हाय की ती, आई."

"कवा हुती? जत्रंत घेतली तवापास्नं पिवळट हाय. ही बघ की, हीच ती." त्याच्या कोपरापाशी दुपारपासून पडलेल्या चहाचा कप त्यांनी उचलला आणि खालची बशी त्याच्या हातात दिली.

खरंच, सायीच्या रंगाची होती. रोज हातात यायची. पांढरी बशी म्हणजे पांढरी, असं धरून चाललो होतो.

त्यानं खिडकी पूर्ण उघडली, बशी पडद्याला लावून धरली आणि तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रंगाची पट्टी सरकवायला लागला. चेहऱ्याकडं बघायचं नाही, फक्त बशी. थोडं पिवळं, जास्त झालं, मागं, अजून थोडं मागं... हातातली आणि पडद्यावरची बशी एक झाली तेव्हाच त्यानं नजर वर नेली.

गोरी नव्हती, निळी नव्हती, आजारीही नव्हती. सावळी, गालांवर उन्हाची ऊब, कपाळ जरा जास्त गडद – कुरुंदवाडच्या त्या बाईंनी बघितली ती हीच, आणि मी हिला आज पहिल्यांदा बघतोय. आणि तेवढ्यात सवयीनं, त्याच्या नकळत, माउस उजेडाच्या पट्टीकडं गेला. दोन छटा...

"सरळ धर म्हणावं तिला बशी," मागून आई म्हणाली, अगदी रोजच्या, करवादलेल्या आवाजात. "सांडंल अंगावर."

त्याचा हात थांबला. मीनाबाई कप घेऊन आत गेल्या. त्यांच्या पाठीवरून काहीच कळलं नाही.

फोन पुन्हा वाजायला लागला. कृष्णातच असणार. फाइल काढायची, न्यायची, काचेत घालायची, उद्या हार चढवायचा. वर्षभर तिच्या फोटोंत काहीतरी चुकतंय, ते नीट लावायचं राहिलंय, एवढ्या आधारावर दिवस ढकलले. आता ती बरोबर लागली होती. आता मला तिच्यासाठी करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं.

फोन वाजून वाजून थांबला. मी उठलो नाही. हातातली रिकामी बशी मी दोन्ही हातांनी सरळ धरून बसलो होतो, सांडू नये म्हणून.