वर कुणीतरी लागतं

*वर: कुणी नाही. खाली: रामदास.*

गाडीखाली शिरायला एक माणूस पुरतो. पण तेल कुठून गळतंय ते बघायचं तर दोघं लागतात. एकानं वर बसून इंजिनाला रेस द्यायची, दुसऱ्यानं खाली उताणं पडून बघायचं. नेऱ्यातल्या या अंगणात कोण कुठं हे कधी ठरवावं लागलं नव्हतं. जयसिंगदादा खाली, धाकटा रामदास वर. दादा खालून ओरडायचा 'दे', रामदास द्यायचा. दादा ओरडायचा 'बस', रामदास पाय काढायचा.

आठ महिन्यांपूर्वी, रामदासनं शेवटी सही केल्यावर, दोघांची जमीन बिल्डरला गेली. दादा बायकोपोरीला घेऊन महाळुंग्याच्या फ्लॅटमध्ये गेला. रामदासच्या वाट्याला घर आलं, पिकअप आली, आणि पिकअपची गळती आली. नेऱ्याहून महाळुंगे, हिंजवडीचं ट्रॅफिक धरलं तरी, तासाभराचं अंतर. आठ महिन्यांत ना हा गेला, ना तो आला.

*वर: कुणी नाही. खाली: पुठ्ठा.*

संध्याकाळी गाडी लावली की रामदास इंजिनाखाली पुठ्ठा सरकवायचा. सकाळी त्यावर भाकरीएवढा काळा डाग असायचा. पहिल्याच महिन्यात त्यानं डागाचा फोटो दादाला पाठवला आणि खाली लिहिलं, 'ही तू दिलेली गाडी.' दादानं फोटो बघितला, उत्तर दिलं नाही. गप्प बसला म्हणजे कबूल, असं रामदासनं धरून टाकलं. मग डेअरीवर, टपरीवर, पारावर, जो भेटेल त्याला तो सांगत सुटला, की गाडी खराब हे दादाला ठाऊक होतं, जाणूनबुजून गळ्यात मारली.

सांगायला दुसरं काही नव्हतंही. घरात हाक मारायला कुणी नव्हतं. या एका गोष्टीला मात्र गावात रोज एक तरी ऐकणारा मिळायचा.

*वर: लाल दिवा. खाली: घाट.*

काल लवासाकडच्या हॉटेलांना भाजी पोचवून येताना डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला. त्यानं गाडी कडेला घेतली. समोर अर्ध्यावर सोडलेल्या इमारती, एकाही खिडकीला काच नाही. सीटमागचा तेलाचा कॅन इंजिनात रिकामा केला तेव्हा दिवा विझला. इंजिन जाम झालं असतं तर गाडीही गेली असती आणि धंदाही. म्हणून आज भाजी भरलीच नाही. सकाळी जाऊन नवं तेल आणि नवा फिल्टर आणला, आणि तो गाडीखाली शिरला.

*वर: कुणी नाही. खाली: रामदास. पुन्हा.*

तेल सोडायचा खालचा बोल्ट त्यानं याआधी दोनदा बदलला होता, कारण थेंब तिथूनच पडायचा. आज डिझेलच्या चिंधीनं इंजिनाचं सगळं अंग पुसून काढलं तेव्हा दिसलं, बोल्ट बिचारा कोरडा होता. तेल वरून, ऑइल फिल्टरच्या कडेनं येत होतं आणि ओघळून बोल्टाशी टपकत होतं.

खाली घमेलं धरून, फिल्टरला जुना कमरेचा पट्टा गुंडाळून त्यानं पीळ दिला. फिल्टर हातात आला. त्याच्या तोंडाला रबरी रिंग होती. ती असतेच.

इंजिनाला आणखी एक चिकटलेली होती. ती नसते.

*खाली: दादा. वर: रामदास. (आठ महिन्यांपूर्वी.)*

त्या दिवशीही तेलच बदलायचं होतं. दादानं जुना फिल्टर काढून बाहेर दिला, आणि जमिनीचं बोलणं निघालं. सही कधी करतोस, दादानं खालूनच विचारलं. करणारच नाही, रामदास म्हणाला. शब्दानं शब्द वाढत गेला. दादा बाहेर आला आणि हात पुसत उभा राहिला. मग नवा फिल्टर घेऊन रामदासच खाली शिरला.

"जुनी रिंग वर ऱ्हायली का बघ आदी," दादा म्हणाला. "मंग बसव. दोन झाल्या की गळतंय."

"मला नको शिकवूस."

त्यानं बघितलं नाही. जुन्या रिंगेवर नवी रिंग ठेवून, होता नव्हता तेवढा राग मनगटात आणून त्यानं फिल्टर आवळला.

*वर: हैबतराव. खाली: रामदास.*

शेजारचे हैबतराव काठी टेकत आले. वाकायला गुडघे साथ देत नव्हते, म्हणून ते बंपरशीच बोलू लागले. दादाची करणी सापडली का, त्यांनी विचारलं.

रिंग रामदासच्या मुठीत होती. मूठ मिटूनच ठेवली असती तर गोष्ट आहे तशी पुढं चालली असती, आणि रोजचा एक ऐकणाराही टिकला असता.

"दादाची न्हाई, तात्या. माजीच चूक हाय. जुनी रिंग मी काडलीच न्हाई."

हैबतराव हसले. "भाऊ हाय म्हनून झाकतुयास. त्यानं काय केलं ते समद्या गावाला ठावं हाय."

"गावाला कुनी सांगितलं?"

"तूच की."

काठीचा आवाज फाटकापर्यंत गेला आणि बाहेर विरला.

*वर: वीट. खाली: रामदास.*

नव्या फिल्टरच्या रिंगेला त्यानं बोटानं तेल लावलं, फिल्टर हातानंच आवळला, इंजिनात तेल भरलं. चाकांना धोंडे लावले, हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला सुरू केली. रेस द्यायला माणूस नव्हता. तुळशीजवळची एक वीट उचलून अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवली आणि तो दादाच्या जागी जाऊन पडला.

फिल्टरची कड कोरडी होती. पाच मिनिटांनी कोरडी. दहा मिनिटांनीही.

'बस' असं ओरडायची हीच वेळ. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

मग तिथूनच दादाला फोन लावला. बराच वेळ वाजून तो उचलला गेला. पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"दोन रिंगा व्हत्या," रामदास म्हणाला. "तू बघ म्हनला व्हतास. मी बघितलं न्हाई."

इंजिनाची घरघर फोनमधून महाळुंग्यापर्यंत जात असणार.

"गावभर तुजं नाव घेतलं मी," रामदास म्हणाला.

पलीकडून आवाज आला. तोच, गाडीखालून यायचा तो.

"लई चडलंय इंजिन. रेस कमी कर."

आणि फोन ठेवला गेला.

रामदास तसाच पडून राहिला. रेस कमी झाली नाही. वर वीट होती.