सोळावा चौकोन

"माझा फोटो आहे ना गं त्यात?" बाबांनी सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

"आहे हो. किती वेळा सांगू?" मी खेकसले. खरं तर तोवर नव्हता.

काकू परवा मुलाकडे कायमच्या राहायला चालल्या होत्या, विमानाने दहा तास लांब. त्यांच्यासाठी मी घरच्यांच्या फोटोंची गोधडी शिवत होते. काम किचकट. पांढरं सुती कापड मेणकागदावर इस्त्रीने चिकटवायचं, सुटे दोरे कापायचे आणि जीव मुठीत धरून प्रिंटरमध्ये सरकवायचं. एक दोरा अडकला की प्रिंटर रुसून बसतो. पंधरा चौकोन झाले होते.

घोडं अडलं होतं सोळाव्यापाशी. बाबा आणि काका जुळे, काका दहा मिनिटांनी मोठे. काका गेले त्याला बावीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून काकूंनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलेलं नाही. बोलतात, चहा देतात, पण नजर बशीवर. आईने मला बजावलं होतं, "जाताना तरी त्यांना तो चेहरा दाखवू नकोस." आणि इकडे बाबांचा जीव टांगणीला. वहिनी आपल्याला गोधडीतून सोबत नेणार की वगळणार, दुसरं काही त्यांना सुचत नव्हतं.

शेवटी त्यांनी तिशीतल्या ओळखपत्राचा फोटो आणून दिला. "यात केस तरी आहेत," म्हणाले.

मला कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून तर एवढी चिडते. छापला. रात्रभर वाळवला, सकाळी गार पाण्यातून काढला आणि पुढचा सगळा दिवस मशीनवर बसून गोधडी पुरी केली.

काकू निघायच्या दिवशी शेवटची इस्त्री फिरवताना माझा हात थांबला. बाबांच्या चौकोनात तीळ उजव्या गालावर होता. बाबांचा तर डाव्या गालावर आहे. टी-शर्टवर चिकटवायची अक्षरं उलटी छापावी लागतात. पंधराव्या चौकोनानंतर मध्येच एक टी-शर्टची ऑर्डर छापली होती, तिची ती सेटिंग मी बदललीच नव्हती. उजव्या गालावर तीळ काकांचा. भांगही त्यांचाच. दोघं समोरासमोर उभे राहिले की मध्ये आरसा ठेवल्यासारखे दिसायचे. आणि तळघरात पाणी शिरून त्यांच्या फोटोंची पेटी गेली, तेव्हापासून काकांचा एकही फोटो कुणाकडे उरला नव्हता.

उसवायला कात्री घेतली आणि दारावरची बेल वाजली. काकू आल्या होत्या.

त्यांनी गोधडी मांडीवर पसरली. "अगंबाई, ही बारीक मुलगी म्हणजे मी?" म्हणत हसल्या. त्यांचं बोट एकेक चौकोन ओलांडत खाली येत होतं. शेवटच्या चौकोनावर बोट थांबलं.

"यांचा फोटो तुला कुठे मिळाला?" त्यांनी हलकेच विचारलं. "सगळे तर गेले होते."

खरं सांगावं तर त्यांचं काळीज फाटेल, खोटं बोलावं तर बाबा समोरच उभे. तेवढ्यात बाबा चष्मा लावून वाकले. पाहिलं. त्यांचा हात स्वतःच्या डाव्या गालाकडे गेला. आता हे म्हणणार, अहो, हा तर मीच. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"माझ्याकडे होता, वहिनी," बाबा म्हणाले. "द्यायचा राहून गेला."

काकूंनी मान वर केली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पुन्हा सगळे चौकोन तपासले.

"आणि तुमचा कुठाय, भाऊजी?"

"माझा प्रिंटरमध्ये अडकला," बाबा म्हणाले. "पोरगी धांदरट आहे आमची."

मी म्हटलं, हो, अडकला.