जमिनीतले बोल्ट

चौऱ्याण्णव सालचा तो रविवार इतर रविवारांसारखाच होता. डोंबिवलीच्या घरात धोंडीबा वालाच्या डाळिंब्या सोलत होते आणि समोर रतन कागद पसरून बसली होती. केमिकल कारखान्यात तीस वर्षं फिटर राहिलेल्या माणसाला लेकीच्या कामाची चौकशी केल्याशिवाय करमायचं नाही. तिने सांगितलं, की यंत्रांसाठी तिच्या ऑफिसने लिहिलेल्या लायब्ररीत, म्हणजे प्रोग्रामांना लागणाऱ्या तयार कामांच्या संचात, चाळीस कामं आहेत आणि कारखान्यांतले प्रोग्राम ती नंबराने मागतात. आता आणखी एक काम घालायचं होतं. शिस्तीत दिसावं म्हणून तिने ते पाचव्या नंबरावर बसवलं. पुढची सगळी एकेक घर सरकली.

धोंडीबांचा हात थांबला.

"पंपाखालची लोखंडी पाटी नवी करता येते, रतन. बोल्ट जमिनीत गाडलेले असतात. जुनी पाटी नवीवर ठेवूनच भोकं आखायची. जास्तीचं भोक पाहिजे तर कडेला पाड."

"आबा, हे लोखंड नाही हो," ती हसली.

"बरं," म्हणून ते पुन्हा सोलू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी, कपातला चहा संपायच्या आत, ते गेले.

तेराव्यानंतर ती माजिवड्याच्या ऑफिसात आली, तेव्हा नवी लायब्ररी कारखान्यांत पाठवायच्या फ्लॉप्या तिच्या होकारासाठी अडल्या होत्या. चाचण्या पास होत्या, कारण ऑफिसातले सगळे प्रोग्राम नव्या लायब्ररीसाठी नव्याने तयार केलेले होते. कारखान्यांत मात्र प्रोग्राम जुनेच राहणार होते. बदलणार होती ती फक्त लायब्ररी. बोल्ट जुनेच, पाटी तेवढी नवी. रतनने कपाटातून मागच्या वर्षीचा प्रोग्राम काढला आणि त्याला हात न लावता नव्या लायब्ररीवर चालवला. त्याने नेहमीप्रमाणे सात नंबरला टाकीतला दाब विचारला. सातवर आता व्हॉल्व्ह उघडण्याचं काम आलं होतं. टेबलावरच्या पॅनेलवर व्हॉल्व्हचा दिवा लागला.

कारखान्यात खरा व्हॉल्व्ह उघडला असता. तिने दिवा विझवला. शेवटच्या रविवारीही आबा काहीतरी देऊनच गेले होते.

तिने जुने नंबर जागच्या जागी आणले आणि नवं काम शेवटी, एक्केचाळिसावर नेलं. जुन्या प्रोग्रामला दाब बरोबर मिळाला.

तिचे वरिष्ठ वैतीसाहेब, त्यांनी स्वतः दोनदा चालवून बघितलं. मग खुर्ची ओढून बसले आणि हे कुठल्या पुस्तकात वाचलं, असं विचारू लागले. गेली चार वर्षं रतन ऑफिसात सांगत आली होती, की वडील इंजिनीअरिंग लाइनमध्ये आहेत.

"पुस्तकात नाही, सर," ती म्हणाली. "माझे वडील फिटर होते. त्यांनी शिकवलं."