कोपरबुडव्याची बाही

बाजारात येणारी पेटी कुणाच्याही शेतातली असो, भरायची रीत एकच. मोठी, टपोरी फळं वर आणि बारकी तळाशी. हे कुणी कुणाला शिकवत नाही, चालायला लागल्यावर आपोआप येतं. घेणाऱ्यांनाही ते पक्कं माहीत असतं. म्हणूनच तिथला सगळ्यात मोठा व्यापारी वरच्या फळांकडे ढुंकूनही बघत नसे. बाही वर सरकवायची, हात कोपरापर्यंत पेटीत घालायचा, तळाचं फळ उपसायचं आणि त्याच्याच मापानं भाव पुकारायचा. बाजार त्याला कोपरबुडव्या म्हणे. तो जो आकडा बोले, त्याच्या आसपासच बाकीचे घुटमळत.

नाशपातीची बाग असलेल्या एका घरातल्या सासऱ्यांचा त्याच्यावर जुना राग. "वरची फळं काय आम्ही शोभेला ठेवतो?" असं ते घरी तावातावानं विचारत. ठेवत होते शोभेलाच, पण असं कुणी कबूल करतं का?

यंदा मात्र त्यांनी ठरवून टाकलं होतं. नाशपातीला किलोमागे चाळीसच्या वर भाव मिळाला नाही, तर हंगाम संपताच बाग तोडायची आणि रान कांद्याला द्यायचं. कुऱ्हाडीला धारसुद्धा लावून आणली होती. त्यांच्या सुनेला ते सहन होईना. लग्नाला दोन वर्षं झाली होती. बागेतलं झाडन् झाड तिच्या ओळखीचं होतं. कुठलं वाकडं, कुठलं हट्टी, कुठलं सगळ्यांच्या मागून फुलणारं. एवढा जीव तिनं माणसांतही कुणाला लावला नव्हता, नवऱ्याचा अपवाद सोडून, आणि तोही फक्त रविवारी.

नेमकी पहिल्या लिलावाच्या आदल्या दिवशी सासऱ्यांची कंबर धरली. पेट्या भरायचं काम सुनेवर आलं. तिला कुणी काही सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं असतं काय? पण तिच्या वडिलांचं काचेच्या भांड्यांचं दुकान होतं. जड खाली, हलकं वर, हे तिच्या हातात लहानपणापासून बसलेलं. तिनं मोठी फळं तळाला नीट बसवली, मधली मध्ये, बारकी अलगद वर, आणि झाकणं ठोकली.

बाजारात झाकणं उघडली आणि सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं, हे काय केलंस? नाशपाती आहेत की बोरं?"

"मोठी खाली आहेत, बाबा. वर ठेवली असती तर बारकी चेंगरली असती."

"चेंगरू दे ना! त्यासाठीच असतात ती!"

शेजारचा पेरूवाला तोंडावर रुमाल धरून हसत होता. आपल्याच हातानं आपण बाग घालवली, या विचारानं सुनेला रडू आवरेना. पेट्या उपसून पुन्हा भरायला वेळ नव्हता. कोपरबुडव्या समोरच येऊन उभा राहिला होता.

"वर ही, तर खाली काय गोट्या?" असं म्हणत त्यानं बाही सरकवली आणि हात घातला. मग तो थांबला. हात बाहेर आला तेव्हा त्यात मुठीत न मावणारी नाशपाती होती. त्यानं दुसरी पेटी चाचपली, तिसरी चाचपली. शेवटी एक आख्खी पेटी गोणपाटावर रिकामी केली. कुजकं फळ एकही निघालं नाही.

"बागवाले, ही पेटी भरली कुणी?"

गड्यानं भरली, असं सासऱ्यांच्या जिभेवर आलं होतं. पण त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि कंबर विसरून ते ताठ उभे राहिले.

"आमच्या सूनबाईनं."

"वीस वर्षं तळ चाचपतोय, पण वरच्यापेक्षा सरस तळ आज पहिल्यांदा हाताला लागला," कोपरबुडव्या म्हणाला. "एक्केचाळीस!"

मागून कुणी बेचाळीस म्हणालं, कुणी चव्वेचाळीस. शेहेचाळीसला सौदा झाला. सून रडता रडता हसत सुटली. तरी कुऱ्हाड दाराआडून हलली नाही. एकदा काय, कावळाही बसतो नि फांदीही तुटते, असं सासरे म्हणाले.

पुढच्या लिलावाला पेरूवाल्यासकट आख्ख्या बाजारानं बारकी फळं वर ठेवली होती. सगळ्यांच्या तळाशी मोठी, आणि मधे काय ते देव जाणे! कोपरबुडव्याचा हात दुखून आला. सुनेनं मात्र या वेळी मोठी एका पेटीत, मधली दुसऱ्या, बारकी तिसऱ्या पेटीत भरली होती आणि प्रत्येक झाकणावर खडूनं तसं लिहिलं होतं.

"नुसती बारकी कोण घेणार?" सासऱ्यांनी कुरकुर केली होती.

"पोरांच्या डब्यात बारकंच मावतं, बाबा."

कोपरबुडव्या आला. सवयीनं त्यानं बाही वर घेतली. झाकणावरचं अक्षर वाचलं, सुनेकडे पाहिलं. मग त्यानं बाही खाली ओढली, मनगटाचं बटण लावलं आणि पेटीत हात न घालताच भाव पुकारला. बारकीचासुद्धा!

सासऱ्यांनी ते बटण पाहिलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "घरी गेल्यावर ती कुऱ्हाड माळ्यावर टाक. आणि कुदळ काढ. विहिरीकडच्या कोपऱ्यात अजून दहा झाडं बसतील."