रक्षाले पैसे पाठवायचे होते

कोणत्याही खानदानात मोबाईल समजणारं एकच माणूस असलं, का त्याचं वाटोळं झालंच समजा. आमच्या खानदानात ते माणूस म्हंजे मी. कोणाचं आधार लिंक होऊन नाई राह्यलं, मेघाले विचारा. कोणाचं गॅसचं बुकिंग अडकलं, मेघाले विचारा. वर्धेच्या एका सरकारी ऑफिसात मी क्लर्क आहे, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून राह्यते, म्हणून साऱ्याईले वाटते का इले सारंच येते. मलेही तसंच वाटे.

आधार अन् गॅस परवडलं बाप्पा. सुलोचना आत्याचं काम गळ्यात पडलं अन् माह्या नाकी नऊ आले.

आत्या म्हंजे माह्या बाबाची सख्खी बहीण. सिंदी रेल्वे नावाच्या गावाले राह्यते. आंगणवाडीत सेविका होती, आता रिटायर. नवरा रेल्वेत होता, तो गेला तेव्हा जे पैसे भेटले त्याले तिनं हात नाई लावला. ते होते रक्षासाठी. रक्षा तिची एकुलती एक पोरगी, रशियात डॉक्टरकी शिकते. शेवटचं वर्ष. आमच्या घरातली पहिली डॉक्टर होणार, म्हणून आत्यानं विहारात सगळ्याईले आधीच सांगून ठेवलं होतं का पोरगी आली म्हंजे खीर माह्याकडून.

तर तिकडं लढाई सुरू झाली अन् इकडचा पैसा बँकेतून तिकडं जाणं बंद झालं. बँकेतल्या साहेबानं हात वर केले. मंग रक्षाची तिकडची ॲडमिशन करून देणाऱ्या एजंटनं रस्ता सांगितला. मोबाईलवर ॲप घ्या, रुपयाचे डिजिटल डॉलर करा, ते रक्षाच्या पत्त्यावर पाठवा, ती तिकडं त्याचे रुबल करून फी भरते. हे कायद्यात बसते का, असं मी विचारलं. तो म्हणे, ताई, सगळेच करून राह्यले. हे काई उत्तर नाई, हे मलेही समजत होतं. पण पोरीचं वर्ष बुडाचं होतं, मी बी गप राह्यली.

ॲप आत्याच्या मोबाईलमध्ये टाकलं, कारण पैसे तिचे होते अन् तिले ते आपल्या हाताखाली पाह्यजे होते. आता ती सिंदीले, मी वर्धेले. फोनवरून तिले समजावणं म्हंजे उंटावरून शेळ्या हाकणं.

"मेघा, हिरवं बटन दाबू का?"

"कोणतं हिरवं?"

"दोन हायेत."

"आत्या, काहीच नको दाबू. हात वर कर."

"केले."

अन् खरंच केले असन तिनं, फोन खाटेवर ठेवून, दोन्ही हात वर.

अन् तो पत्ता! पत्ता म्हंजे गावाचं नाव नाई का गल्लीचं नाई, नुसती इंग्रजी अक्षरं अन् आकडे, आगगाडीएवढा लांब. रक्षानं पाठवला तो मी कागदावर मोठ्या अक्षरात छापून तिले दिला होता. ती त्याच्यावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचे, मोबाईलमधलं अक्षर पाहे, मंग पुढं सरके. माहा जेवणाचा डबा उघडा, साहेब आवाज देऊन राह्यले, अन् ही विचारते, "हा डब्ल्यू लहान हाय का मोठा?"

"आत्या, पहिले चार पाह्य, शेवटचे चार पाह्य. जुळले का झालं."

"अन् मधले?"

"मधले कोण पाह्यते वं! साऱ्या दुनियेत असंच करतात."

तरी ती पाहेच. पहिल्या डावाले थोडेसेच पाठवायचे, रक्षाचा "आले" म्हणून मेसेज आला का मंग बाकीचे, हा नियम मात्र माहाच होता. दर वेळी हे असं अर्धा दिवस चाले. मी थकून जात होती. खरं सांगते, तिचा फोन वाजला का उचलूच नये असं वाटे, अन् मंग तसं वाटलं म्हणून स्वतःचाच राग ये.

ॲप सुरू करतानी त्यानं बारा इंग्रजी शब्द दिले होते. फोन हरपला, फुटला, तरी हे बारा शब्द ठाऊक असले तर पैसे परत भेटतात. अन् हेच शब्द दुसऱ्याच्या हाती लागले तर पैसे त्याचे. मी आत्याले बजावलं, "कुठं लिहू नको, कोणाले दाखवू नको. पाठ कर."

इथंच फसलं. आंगणवाडीच्या बाईले पाठ कर म्हणाचं नसते. तिनं साऱ्या जन्मात जे पाठ केलं ते गाऊन अन् हात हालवून.

शेवटच्या फीची तारीख सोमवारची होती. नाई भरली तर परीक्षेच्या यादीतून नाव कटते, असं रक्षानं तीनदा कळवलं होतं. म्हणून रविवारी मी स्वतःच सिंदीले गेली. म्हटलं, समोर बसून करू, फोनवरचा ताप नको. कापूस वेचाचे दिवस. गल्लीतल्या बाया सकाळीच वावरात गेल्या होत्या अन् त्याईचे पोट्टे आत्याच्या आंगणात. रिटायर झाली तरी लेकरं तिच्याकडंच. मी फाटक उघडलं तर सारे गोल उभे, मधात आत्या, अन् टाळ्या वाजवून गाणं चालू.

"टायगर चढला लॅडरवर,
मँगो पडला बास्केटवर,
मंकीनं धरली अंब्रेला,
डॉल्फिन गेली विंटरले…"

मी हसली. म्हटलं, आत्यानं इंग्लिश मीडियम काढलं वाटते. डॉल्फिनपाशी माहं हसू थांबलं. टायगर, लॅडर, मँगो, बास्केट. माय माय! ते बारा शब्द होते, त्याच ओळीनं, एकाच्या मागं एक.

"आत्या, हे काय करून राह्यली तू?"

"आली का! पाह्य, कसं पाठ झालं." तिचा चेहरा फुलला होता. "मले एकटीले येईचना व. मंग गाणं केलं. आता मी मेली तरी रक्षाचे पैसे कुठं जात नाई, साऱ्या गल्लीले येते. काजलनं तर व्हिडिओ काढून स्टेटसले टाकला. लई लोकाईनं पाह्यला म्हणे."

काजल म्हंजे शेजारची सून. तिचं पोट्टं समोरच उभं होतं, माकडाची छत्री धरून.

मी कपाळावर हात मारून घेतला. मंग जे ओरडली, ते ओरडलीच. तुले सांगितलं काय, तू केलं काय, अक्कल गहाण ठेवली का, साऱ्या गावाले तिजोरीची किल्ली वाटली तू! दोन लेकरं रडाले लागली. आत्या मधात उभी, टाळी वाजवायचे हात तसेच. तिले समजलंच नाई का काय चुकलं. म्हणे, "अवं पण हे तर गाणं हाय. यात पैसे कुठं हायेत?"

मी फोन ओढून घेतला. ॲप उघडलं. पैसे जागेवर होते, सारेच्या सारे. वाटलं, आत्ता या घडीले कोणीतरी तो व्हिडिओ पाहून राह्यला असन, शब्द उतरून घेऊन राह्यला असन. एक मिनिटही ठेवायचं नाई. सारे पैसे आत्ताच्या आत्ता रक्षाले.

"पत्त्याचा कागद आणू का?" आत्यानं विचारलं.

"कागद कायले? आधी आल्या-गेल्या पैशाची सारी यादी हाये ना इथं. त्यातूनच घेते."

"पहिले थोडे पाठवत असतो ना आपण? रक्षा आले म्हणते, मंग…"

"आत्या, तू चूप बस. तुह्याच गाण्यानं ही वेळ आणली."

तिनं रडणाऱ्या लेकराईले जवळ घेतलं. मी यादीतला सगळ्यात वरचा पत्ता घेतला. पहिले चार पाह्यले, माह्या ध्यानातल्याशी जुळले. शेवटचे चार पाह्यले, जुळले. बटन दाबलं. गेले. जीव भांड्यात पडला. आत्याले म्हटलं, चहा ठेव.

चहा झाला. रक्षाचा मेसेज आला, "ताई, पाठवले का? काहीच नाही आलं." मी आत्याले म्हटलं, लागते कधी कधी वेळ. अजून थोडं थांबून तिचा परत तोच मेसेज. मंग आत्या आत गेली अन् तो छापलेला कागद घेऊन आली. तिनं बोट ठेवलं. पहिली चार अक्षरं बरोबर. पाचव्यावर बोट थांबलं.

"मेघा, हे दुसरं हाय व."

मधलं सारंच दुसरं होतं.

नंतर सायबर पोलिसाच्या ऑफिसातल्या पोरानं मले समजावून सांगितलं. म्हणे, ताई, हे लोक तुमच्या पत्त्यासारखाच पत्ता बनवतात, पुढचे अन् मागचे चार जुळतील असा. त्यावरून तुम्हाले कवडीमोलाचं काहीतरी पाठवतात, म्हंजे तो पत्ता तुमच्या यादीत येऊन बसते. अन् तुम्ही घाईत तोच उचलता. तक्रारीचा नंबर दिला त्यानं. पैसे परत येणार नाई, हे नाई बोलला तो, पण त्याच्या तोंडावर दिसत होतं. अन् त्या बारा शब्दाईले कोणी बोटही नाई लावलं. व्हिडिओ पाह्यणाऱ्याईले लेकरंच दिसली. गल्लीत कोणालेच माहीत नव्हतं का आपण काय गाऊन राह्यलो. आत्याच्या गाण्यानं दमडीही गेली नाई. जे गेलं ते माह्या शहाणपणानं गेलं.

पण हे नंतरचं. त्या दुपारी आम्ही दोघी खाटेवर बसून होतो अन् रक्षाचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन घ्याले हात पुढं केला, पण आत्यानं तो उचलला, अन् मले दुसऱ्या हातानं मागं सारलं, चित्रात नाई येणार असं.

"रक्षा, बाई, माह्याच्यानं गडबड झाली," ती म्हणाली. "मी मेघाले न विचारता पाठवून दिले. चुकीच्या पत्त्यावर गेले. सारे गेले."

मले वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिकडून रक्षानं "सारे?" म्हणून दोनदा विचारलं. मंग फुटली.

"आई, तुले हजार वेळा सांगतलं का मेघाताईले विचारल्याबिगर हात नको लावजो! येत नाई तर कायले करते? बाबाचे होते ते पैसे. आता उद्या माहं नाव कटते, समजते का तुले? साऱ्या पोरी परीक्षेले बसतीन अन् मी हॉस्टेलात बसून राहीन. एवढी वर्षं कायले काढली मी इथं थंडीत? तुह्या अडाणीपणासाठी?"

"हाव," आत्या म्हणे. "हाव व बाई. चुकलंच माहं."

मान खाली घालून ऐकत होती ती. जिनं अर्ध्या सिंदीले अक्षर ओळख करून दिली, ती पोरीच्या तोंडून अडाणी म्हणून घेऊन राह्यली होती, अन् मी बाजूले बसून. माह्याच्यानं नाई ऐकवलं. मी फोन तिच्या हातातून घेतला.

"रक्षा, आत्या खोटं बोलून राह्यली. मीच पाठवले. माह्या हातानं. ती कागद आणते म्हणत होती, थोडे पाठव म्हणत होती. मीच नाई ऐकलं."

रक्षानं माह्याकडं पाह्यलं. रडत होती ती, पण रडणं थांबलं तिचं. मले वाटलं आता मले बोलन. बोलली असती तर बरं झालं असतं.

"तू, ताई?"

"हाव."

"बरं," ती म्हणाली. इतकंच. अन् फोन ठेवला.

मी आत्याकडं पाह्यलं. वाटलं, ती माह्या पाठीवर हात ठेवन. खरं बोलली म्हणून. तर ती माह्यावर उसळली. लहानपणापासून मले ती कधी रागावली नव्हती, सकाळी मी इतकी ओरडली तेव्हाही नाई.

"काऊन सांगतलं तू?"

"आत्या, तू काऊन खोटं बोलली? माहा दोष तू काऊन अंगावर घेते?"

"तुह्यासाठी बोलली वाटते तुले?" तिच्या आवाजात पाणी आलं. "अवं, माय अडाणी हाय हे त्या पोरीले पहिलेपासून माहीत हाय. मी चुकली म्हटलं असतं तर रडली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, अन् रात्री झोपली असती. मेघाताई हाय ना घरी, काढन काहीतरी रस्ता, असं म्हणून झोपली असती. परक्या मुलखात एकटी हाय ती. तिच्याजोळ तेवढं एकच होतं, मेघे. पैसे तर गेलेच होते. तेही काऊन काढून घेतलं तू तिच्यापासून?"

मी फोन परत लावला. रक्षानं नाई उचलला.