हबमधलं अडलेलं कडं

जीपचं पुढचं चाक निघालं, चाक ज्यावर बसतं तो लोखंडी हब निघाला, आणि तिथेच घोडं अडलं.

हब आता दोन लाकडी ठोकळ्यांवर पालथा पडला होता. ग्रीज अडवणारं रबरी सील जावईबापूंनी स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढलं होतं. तेही सरळ आलं नाही. किडका दात निघावा तसं तुकड्यातुकड्यांनी आलं. बेअरिंगचे रोलर सुटून आले. उरलं होतं ते आतलं पोलादी कडं. वरून पंचाची बोथट दांडी ठेवून ठोकलं की ते खाली पडायला हवं. पडत नव्हतं.

मुलगी विजेरी धरून उभी होती. एकीकडे घामाने निथळणारा नवरा, दुसरीकडे बुटक्या स्टुलावर दुखरा गुडघा कुरवाळत बसलेले वडील. तिने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून सासरे-जावई एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं, बरं का. मानच एवढा ठेवत एकमेकांचा, की सगळं बोलणं तिच्यामार्फत चाले.

"ह्यांना म्हणावं, चहा घ्या."

"बाबांना सांग, हे निघालं की घेतो."

दोघांमध्ये अंतर हातभर.

या जीपचा हब आता कुठे मिळत नव्हता. भंगारवालेसुद्धा हात वर करत. हा फुटला तर जीप गेली, आणि जीप गेली की बाबा घरात कोंडले. त्या गुडघ्याने बसची पायरी चढवत नव्हती. तरीही त्यांनी जावयाला हात लावू दिला, तेव्हा हिला कोण आनंद झाला होता. वेडी कुठली.

ठण्. ठण्. पंच एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. पद्धत बरोबर होती. घाव मात्र जड होत चालले होते.

हात अवघडला म्हणून तिने विजेरी हलवली, तर उजेड वडिलांच्या तोंडावर पडला. ते हातोड्याकडे बघतच नव्हते. ठोकळ्यांमधल्या फटीतून हबच्या खालच्या तोंडाकडे बघत होते, जिथे जुनं ग्रीज सुकून दगड झालं होतं. दर घावाला त्यांचा जबडा आवळत होता.

यांना काहीतरी माहीत आहे, तिच्या मनात आलं.

"बाबा, आत काही आहे का हो?"

"करणाऱ्याने विचारावं."

"अहो, विचारा ना त्यांना."

"त्यांना सांग, मला जमतंय." आणि त्याने मोठा हातोडा उचलला.

 एकाला विचारायचं नव्हतं, दुसऱ्याला विचारल्याशिवाय सांगायचं नव्हतं. दोघांच्या मानापानात मार खात होतं ते बिचारं लोखंड.

"पुरे!" तिने विजेरी बाकावर आपटली. "मी काय पोस्टमन आहे? आता एक निरोप नेणार नाही. फोडा नाहीतर जोडा, तुमचं तुम्ही बघा."

ती दाराशी जाऊन पाठ करून उभी राहिली.  मागे घाव पडला. आवाज ठण् आला नाही. बद्द आला, तडा गेलेल्या भांड्यासारखा.

"अरे थांब! हात आवर, गाढवा!"

ती गर्रकन वळली. गुडघाबिडघा विसरून वडील उठले होते आणि जावयाचं मनगट त्यांच्या मुठीत होतं.

"लॉक आहे आत, ग्रीजखाली. कडं जागचं सरकायचं, म्हणून मीच लेथवर खाच पाडून रिंग बसवली होती. कंपनीची नाही ती. तुला दिसणार कुठून?"

"मग आधी बोलायला काय झालं होतं?" नवऱ्याचा आवाज चढला. "मघापासून खांदा मोडून ठोकतोय मी! फुटलं असतं म्हणजे?"

"तू विचारलंस?"

"तुम्ही तोंड उघडलंत?"

तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मध्ये पडायची सवय लवकर जात नाही.

हब उलटला. ग्रीज खरवडल्यावर रिंग चमकली, पकडीने निघाली, आणि कडं दोन हलक्या टिचक्यांत खाली आलं. पण तो बद्द आवाज तिघांच्याही कानात होता. वडिलांनी हब पुसला, रॉकेल चोळलं, पुन्हा कोरडा केला आणि वरून खडूची पूड भुरभुरली. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उठते.

तिघांची डोकी हबवर वाकली. पूड पांढरीच राहिली. आणखी थोडा वेळ पांढरीच राहिली. मग काठाशी बारीक काळी रेघ दिसली.



वडिलांनी नखाने ती हलकेच ओढली. रेघ नखाबरोबर उचलून आली. केस होता.

"डोक्याला फडकं बांध," ते जावयाला म्हणाले. "आधीच थोडे उरलेत."