सदर कामास हरकत नाही

तेजश्रीला तिसरं मूल नको होतं. कारण विचारायची आपल्याकडे फार हौस असते, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं: कारण हेच, की नको होतं. स्वराज चौथीत, अपेक्षा दुसरीत, सासू धडधाकट, नवरा दीपक मुंबईला. शिमग्याला दीपक पालखी नाचवायला म्हणून आठ दिवस आला, पालखी नाचली, तो परत गेला, आणि पुढल्या महिन्यात हिची पाळी चुकली. तिनं पोलादपूरच्या मेडिकलातून तपासणीची पट्टी आणली, दोन रेघा पाहिल्या आणि त्याच दिवशी ठरवून टाकलं. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तुला वाटेल ते कर. दोन हायत ती बस झाली." म्हणजे नवराबायकोत वादसुद्धा नव्हता. महाडला जायचं, काम उरकायचं आणि परत यायचं, एवढंच उरलं होतं.

सकाळची पहिली एसटी धरून ती मंगळवारी महाडच्या दवाखान्यात पोचली. दवाखाना कुठला ते विचारू नये. खिडकी सगळीकडे सारखीच असते. या खिडकीत बसणारे कारकून स्वभावानं वाईट नव्हते. फक्त बाई एकटी आली की त्यांना तिचे कागद अपुरे दिसत.

"कशासाठी?"

तेजश्री खालच्या आवाजात म्हणाली, "गर्भ पाडायचा हाय."

"ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला."

ती मोठ्यानं बोलली. मागच्या रांगेतल्या सगळ्या बायकांनी एकदम भिंतीवरचं कुटुंबकल्याणाचं पोस्टर वाचायला घेतलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीसुद्धा.

"मिस्टर कुठं आहेत?"

"मुंबईला."

"मग त्यांची सही आणा. आणि ती त्यांचीच आहे असा कुणातरी जबाबदार माणसाचा शिक्का. उद्या कोणी भांडायला आलं तर आम्ही कुठं तोंड लपवायचं? कितवा आठवडा?"

"सातवा."

"मग आहे की भरपूर वेळ," कारकून म्हणाले आणि त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली. डॉक्टरांचं दार तिथून दहा पावलांवर होतं. पण खिडकीचा कागद नसेल तर ती दहा पावलं चालायची मुभा नव्हती.

आता तेजश्रीच्या वाडीविषयी सांगायला हवं. कुडपणच्या वाटेवर डोंगराच्या अंगाला चाळीस उंबऱ्यांची ही वाडी. तिचं नाव घेत नाही, नाहीतर वाडीच्या मुंबईकरांचं मंडळ लगेच निषेधाचा ठराव करील. या वाडीला पाणी येतं ते डोंगरातल्या झऱ्याचं आणि निर्णय येतो तो मुंबईहून. देवळाला रंग कुठला द्यायचा, पालखी आधी कुणाच्या अंगणात जायची, सार्वजनिक नळाला तोटी पितळेची की प्लॅस्टिकची, हे सगळं घाटकोपरच्या एका खोलीत ठरतं. ठरवणारे वर्षातून पंधरा दिवस गावी येतात आणि त्या तोटीचं पाणी पितात. दीपक या मंडळाचा चिटणीस होता. शिक्का मात्र अध्यक्ष गोमाजींकडे. ते तो रुमालात गुंडाळून पँटच्या आतल्या खिशात ठेवत.

तेव्हा "जबाबदार माणसाचा शिक्का" हे शब्द तेजश्रीनं फोनवर सांगितल्यावर दीपकला विचार करावा लागलाच नाही. दुसऱ्या कुठल्या गावचा माणूस वकिलाकडे गेला असता. हा गोमाजींकडे गेला.

गोमाजी म्हणाले, "शिक्का मारायला माझी ना नाय. पण ठरावाबिगर शिक्का उठत नाय, हे तुला चिटणिसाला मी सांगायचं? आज तुझ्या बायकोच्या कागदावर मारला, तर उद्या परत्येकाची बायको कागद घेऊन उभी राहील."

दीपकनं हे फोनवर सांगितलं तेव्हा तेजश्री भाकरी थापत होती.

"तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणाला नाय गो. फक्त कार्यकारिणीला."

कार्यकारिणी सतरा जणांची होती. तेजश्रीला आधी संताप आला, आणि मग रडू आलं. तव्यावरची भाकरी करपली. आपल्या पोटात काय आहे ते आपल्या सख्ख्या बहिणीला सांगायच्या आधी सतरा बाप्यांना कळावं, याची तिला शरमही वाटली, आणि शरम वाटते म्हणून स्वतःचा पुन्हा रागही आला.

रविवारी मुंबईत सभा झाली. विषयपत्रिकेवर चार विषय होते: मागील सभेचं इतिवृत्त, देवळाच्या पायऱ्या, क्रिकेट स्पर्धेचे टी-शर्ट आणि चौथा, "सौ. तेजश्री यांचे वैयक्तिक काम." टी-शर्टच्या रंगावर दोन तास गेले. चौथ्या विषयावर मात्र कुणीच तोंड उघडेना. उघडलं तर हो तरी म्हणावं लागेल नाहीतर नाही तरी, आणि दोन्हीत जबाबदारी होती. शेवटी एकमतानं ठरलं की याबाबत गाव शाखेचं मत मागवावं. त्यात आठवा आठवडा संपला.

गाव शाखेचे प्रमुख भागोजी. त्यांनी पुढल्या रविवारी देवळात बैठक लावली. वाडीच्या बैठकीत पुरुष आत घोंगडीवर बसतात आणि बायका बाहेर पायरीवर. त्या दिवशी ज्या पोटाचा विषय होता ते पोटही बाहेरच बसलं होतं. तेजश्रीला वाटत होतं, उठावं आणि आंबेनळी घाट चढून सरळ महाबळेश्वरच्या बाजूला निघून जावं, परत इकडचं तोंड म्हणून बघू नये. शेजारी तिची सासू बनुबाई पान जुळवत होती.

भागोजींनी घसा साफ केला. "मंडळी, आपल्या वाडीत असला परकार आजवर कधी झाला नाय—"

"नाय झाला?" पायरीवरून बनुबाई म्हणाली. "भागोजी, दीपक पाच वर्साचा असताना मी चष्मा करायला म्हणून महाडला गेलते. माझ्या नाकावर चष्मा कधी बघितलास रे?"

भागोजी घोंगडीचं टोक सारखं करू लागले.

"मी दाढ काढायला गेलते," मागून एक बाई म्हणाली. "दाढा सगळ्या जाग्यावर हायत. मोजायच्या तर मोजा."

"मी शिवणयंत्राचं बघायला."

मग सगळ्यात खालच्या पायरीवरून भागोजींची बायको सावकाश उभी राहिली. "मी माहेराला बारशाला गेलते."

"कुणाच्या बारशाला?" भागोजींच्या तोंडून निघून गेलं.

"कुणाच्याच नाय," ती म्हणाली आणि खाली बसली.

कुणीतरी हसलं. मग बायका सगळ्याच हसायला लागल्या, पदरात तोंड लपवून नव्हे, अगदी मोकळ्या. बनुबाई मात्र हसली नाही. तिनं पान खाली ठेवलं. "माझी धाकली जाऊ लाजली. महाडला गेली तर लोक काय म्हणतील म्हणून घरातच कसलीशी मुळी घालून घेतली. चौथ्या दिवशी तिला ह्याच देवळासमोरनं नेली. तवा कुणी बैठक लावली नव्हती, भागोजी. आता माझ्या सुनेसाठी लावतोस व्हय?"

बैठक त्यानंतर दोन मिनिटांत संपली; वाडीच्या इतिहासात इतक्या लवकर कुठलीच बैठक संपली नव्हती. सर्वानुमते मंजूर. मग ते मत मुंबईला कळवायचं, तिथं ठराव लिहायचा, गोमाजींनी त्यावर शिक्का मारायचा, आणि गावाकडे येणाऱ्या माणसाबरोबर पाकीट धाडायचं. फोटोतला शिक्का खिडकीत चालत नाही, असं गोमाजींचं ठाम मत होतं. पाकीट हाती पडलं तेव्हा साडेदहा आठवडे झाले होते.

शुक्रवारी ती सासूला घेऊन महाडला गेली. कारकुनांनी ठराव दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "याला म्हणतात कागद," ते म्हणाले आणि त्यांनी तिला आत सोडलं.

डॉक्टर अनुपमांनी पाकीट उघडलं आणि त्या मोठ्यानं वाचू लागल्या. दीपकजवळ ना हरकतीचा एकच नमुना होता, नळाच्या पाइपलाइनचा. तो त्यानं नाव बदलून उतरवला होता.

"'सदर कामास ग्रामस्थ मंडळाची कोणतीही हरकत नाही. काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण करावे. कामाचा दर्जा राखावा. खोदाईमुळे नुकसान झाल्यास ठेकेदार जबाबदार राहील.'" डॉक्टरांनी चष्मा काढला. "ठेकेदार म्हणजे मी का?"

तेजश्रीला हसावं की मान खाली घालावी ते कळेना.

"हे तुमच्याकडं मागितलं कुणी?"

"खिडकीत. नवऱ्याची सही आणि शिक्का."

"तुमचं वय काय?"

"तीस."

"मग नवऱ्याची सही लागत नाही. सासूची नाही, गावाची नाही. कायद्यानं फक्त तुमची सही लागते. आणि हे दुसऱ्या कुणाला कळूही द्यायचं नसतं."

"फकस्त माझी?" तेजश्री म्हणाली. चाळीस उंबरे आणि कार्यकारिणीचे सतरा जण तिच्या डोळ्यांपुढून गेले. "मग मी सातव्या आठवड्यातच आले व्हते की हो."

डॉक्टरांनी ठरावाची घडी घालून तो बाजूला ठेवला. "तेव्हा गोळ्यांवर झालं असतं. नऊ आठवड्यांपुढं आम्ही गोळ्या देत नाही. आता आत घेऊन करावं लागेल. घाबरण्यासारखं नाही, संध्याकाळी घरी जाल. पण सोपं होतं ते तुमच्या हातून घालवलं आमच्या लोकांनी. त्याबद्दल मी माफी मागते."

आजवर तेजश्रीची माफी कुणी मागितली नव्हती. डॉक्टरांनी कारकुनांना बोलावलं आणि सांगितलं, खिडकीवर आजच बोर्ड लावा, नवऱ्याच्या सहीची गरज नाही असा.

"बोर्डाला वरून परवानगी लागेल, मॅडम."

"सही मागायला कुणाची परवानगी घेतली होती?"

"ती तर पहिल्यापासूनची पद्धत आहे," कारकून प्रामाणिकपणे म्हणाले.

फॉर्म एका पानाचा होता. तेजश्रीनं नाव लिहिलं, वय लिहिलं, सही केली. त्याला अर्धं मिनिट लागलं. तपासण्या झाल्या, दुपारी काम झालं, आणि चारच्या सुमाराला ती बाहेर बाकावर येऊन बसली. पोटात कळ होती, अंगात थकवा होता, आणि त्याच्या आतून एक मोठी सुटका वाटत होती. वाईट वाटेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिला वाईट वाटत नव्हतं. बनुबाईनं डब्यातला भात पुढं केला. तिला भूक लागली होती.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "मिस्टरांची सही कुरिअरनं मागवा की! कुवेतहून आठ-दहा दिवसांत येतं."

खिडकीपुढं एक तरुण मुलगी उभी होती. डोक्यावर ओढणी, हातात प्लॅस्टिकची फाइल. ती बाजूला होऊन भिंतीला टेकली आणि फोन काढून कुवेतला लावू लागली. तेजश्रीनं भाताचा घास खाली ठेवला आणि ती उठली.

"नाव काय गो तुझं?"

"रिम्शा. नाते गावाहून आले."

"कितवा आठवडा?"

मुलगी दचकली, पण बोलली. "आठवा."

"वय?"

"चोवीस."

"तो फोन ठेव आधी." तेजश्रीनं तिचं कोपर धरलं. तिची स्वतःची चाल अजून सावरली नव्हती, म्हणून आधार नक्की कोण कुणाला देत होतं ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. दोघी खिडकीवरून पुढं गेल्या.

"ओ बाई! कागद कुठाय? सही कुठाय?" कारकून अर्धे उठले.

तेजश्रीनं मागं पाहिलं नाही. तिनं डॉक्टरांच्या दारावर टकटक केली.

"मॅडम," ती म्हणाली, "जिची सही लागते ती आली हाय."